राखणदाराच्या मानशीला नंबर नसतो

ज्या माणसाने चूक वेळेवर दाखवली होती, तो मेल्यावर तीच चूक कुणी त्याच्या नावावर घातली, तर तुम्ही फोटोला फूल वाहून, चहा पिऊन, गप्प घरी जाल का?

तुझ्या गावची, आमोण्याची माणसं परवा तशीच घरी गेली, मामा. तुझ्याच शोकसभेतून गेली. देवळाच्या सभागृहात मेजावर तुझा फोटो होता, चष्मा कपाळावर चढवलेला. त्या फोटोशेजारी उभा राहून अ‍ॅपवाल्या कंपनीचा माणूस माइकवर म्हणाला, "सर फार मोठे होते. पण त्यांचा मूळ प्रोग्राम जुन्या भाषेतला. त्यातली एक त्रुटी आमच्या अ‍ॅपमध्ये आली आणि दुर्दैवाने खाजनात खारं पाणी शिरलं. दोष सरांचा नाही, काळाचा आहे." माना हलल्या. बांध समितीचे अध्यक्ष सगुणबाब, तुझ्या शेजारच्या बाकावर बसून शाळा शिकलेले, त्यांचीही मान हलली.

मी उठले. म्हटलं, "हे खोटं आहे."

"बाय, बस गो," सगुणबाब म्हणाले. "आज ती वेळ न्हय."

"मग कधी?"

"बारावो जावं दी. मागीर बघूया."

बारावा होईपर्यंत मी थांबत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "घरात चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांर बसून जेवलेली पोर तूं, तुका खंयची कळ?" हो, नाही मला कळ, थांबायचा धीर नाही. तुझं शिक्षण, तुझं वय, तुझ्यामागे कोण कोण आहे, ते सगळं पेपरात छापून आलं. ज्यासाठी तू शेवटपर्यंत भांडलास ते मात्र कुठेच आलं नाही.

डिचोलीला कापडाच्या दुकानावर तुझा कॉम्प्युटर क्लास. आम्ही पेडण्याहून सुट्टीत यायचो आणि मी तिथे मागच्या बाकावर बसायचे. पहिला आठवडाभर तू मुलांना कॉम्प्युटरला हात लावू द्यायचा नाहीस. फळ्यावर खडूने सी, कॉम्प्युटरची जुनी, कडक भाषा. एक ओळ लिहायचास, मागे वळायचास आणि विचारायचास, "हांगा मशीन कितें करतली?" म्हणजे, इथे मशीन काय करणार? मुलं एकमेकांकडे बघायची. तू म्हणायचास, "कितेंय करतली. सी म्हणजे जुनो तारवटी. सांगशी थंय तारू व्हरता. फुडें खडप आसा म्हणून तुका सांगचो ना. खडप तुवें पळोवपाचें." जहाज हाकणारा खलाशी तो, पुढचा खडक बघायचा आपण.

तुझ्याकडे प्रत्येक भाषेचं एक माणूस होतं. जावा म्हणजे मामलेदार कचेरी, नमस्कार करायलाही आधी अर्ज. जावास्क्रिप्टला एकात एक मिळव म्हटलं की कधी दोन देणार, कधी दोन्ही एक शेजारी शेजारी मांडून अकरा देणार, "आनी वयर हांसतली." रस्ट म्हणजे आमचा हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका, गाडी रिकामी असली तरी डिकी उघडायला लावणार. आणि माझी लाडकी पायथन म्हणजे पोदेर, सकाळचा पाववाला. दारात येतो, पों पों करतो, मागशील तो पाव हातात ठेवतो. "पूण उंडो भाजला काय कच्चो, तें ताचें काम न्हय. तें तूं पळय."

मी चिडायचे. मला तुझा तो फळा आवडायचा नाही, आणि ते मी तुला तुझ्या वर्गासमोर सांगितलं होतं. मुळगावचे ट्रकवाले पोटाला चिमटा घेऊन पोरांना तुझ्याकडे धाडत होते. खाणी बंद पडल्यावर काहीतरी हाताशी असावं म्हणून. आणि ती पोरं अर्धविराम विसरला म्हणून मशीनच्या शिव्या खात होती. पहिल्या पावसाळ्याआधीच निम्मा वर्ग गळायचा. "तू भाषा शिकवत नाहीस," मी म्हटलं होतं, "तू चाळण धरतोस. कडक भाषा म्हणजे उंबरठ्यावरचा पहारेकरी. आत कोण येणार ते तोच ठरवतो. पायथनने तो पहारा उठवला, म्हणून तुम्हा जुन्या लोकांना तिचा राग."

सगळा वर्ग तुझ्याकडे बघत होता. तू खडू ठेवलास.

"तुजें दर एक वाक्य पत्रकासारकें गो," तू म्हणालास. "फकत खाला 'जय' बरोवपाचो उरला."

मुलं हसली, मीही हसले. पण पुढच्या बॅचपासून तू पहिल्या दिवशी पायथन शिकवायला लागलास आणि सी तिसऱ्या महिन्यावर ढकललीस. मला सांगितलं नाहीस. वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. माझं म्हणणं असं काही न बोलता मान्य करणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता खाजनाचं. वाचणाऱ्यांत कुणी बाहेरचं असेल तर त्यांच्यासाठी लिहिते, तुला सांगायला नको. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याहून खाली असलेलं शेत. मांडवीचं खारं पाणी बांधाने अडवायचं. बांधात मानशी असतात, लाकडी दारं. ओहोटीला त्यांतून शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला ती मिटून बसायला हवीत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी प्रत्येक मानशीवर कुणीतरी जाऊन फळ्या बसल्यात का ते बघावंच लागतं. ही पाळी घरांघरांतून फिरते, आणि फिरता फिरता विसरली जाते. म्हणून तू तो प्रोग्राम लिहिलास. तिथी, भरतीची वेळ, मानशीचा नंबर आणि कुणाची पाळी. उधाणाच्या आदल्या दिवशी ज्याची पाळी त्याच्या मोबाइलवर मेसेज. बास. सीमध्ये लिहिलास, वर्गातल्या जुन्या मशीनवर बसवलास आणि समितीला तसाच देऊन टाकलास.

तेव्हाची ती दिवाळीची दुपार. सगळं गाव फोव, दिवाळीचे पोहे, खाऊन सुस्तावलेलं, आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. तुझ्या प्रोग्रामचा मेसेज होता: मला समजलेलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मानशीवर जा. नव्या धोतरात, नव्या साडीत माणसं बांधावर धावली. सगळ्या फळ्या जागच्या जागी होत्या. मग सगळी तुझ्या अंगणात आली.

"मास्तर, तुजो कॉम्प्युटर पिसो जाला!" सगुणबाब ओरडले.

"पिसो ना जावंक. भियेला," तू म्हणालास. "कोणेंतरी एके मानशीचो नंबर रितो दवरला."

तेव्हा उलगडलं. पहिली मानस राखणदाराच्या घुमटीशेजारची. बांध राखणारा देव तो, त्याला वर्षातून एकदा रोटाचा नैवेद्य द्यायचा. त्याची मानस मोजणीत धरत नाहीत. मोजणी तिच्या पुढून सुरू होते, एकपासून सहापर्यंत. जो राखतो त्याला मोजायचं नाही, हा तिथला रिवाज. नाव भरणाऱ्याने रिवाज पाळला आणि नंबर रिकामा सोडला.

"शून्य नंबर दी मरे ताका," कुणीतरी म्हणालं.

"राखणदाराक शून्य?" सगुणबाब उसळले. "उद्यां म्हणशी ताका आधार कार्डय काड!"

तू भांडला नाहीस. तू घरात गेलास आणि प्रोग्राम बदललास. राखणदाराची मानस नंबराने नाही, नावाने ओळखायची. आणि दुसरा कुठलाही नंबर रिकामा दिसला की पूर्वीसारखंच थांबायचं, ओरडायचं, सगळ्यांना धाडायचं. त्यानंतर लोक तुला चिडवायचे, "मास्तराचो प्रोग्राम मास्तरासारकोच, मदींच आडायता." तू म्हणायचास, आडायता म्हणून शेत आसा.

आणि इथे मला तुझाच राग येतो, मामा. कंपनी आली. गुळगुळीत अ‍ॅप, फोटो, फीत कापणं, भाषण. 'कधीही न थांबणारी सेवा' असं पोस्टरवर मोठ्या अक्षरांत. समितीने तुझा प्रोग्राम त्यांना द्यायचं ठरवलं आणि तू तो पेन ड्राइव्हवर घालून दिलास, वर पोदेराचे गरम उंडे आणि चहा. एक अट घातली नाहीस. बदल केलात तर गावाला दाखवा, एवढं एक वाक्य लिहून घेतलं नाहीस. मी म्हटलं होतं, लिहून घे. तू म्हणालास, "गांवचें काम, गांवांत उरतलें." कुठे उरलं? ज्या दिवशी ते त्यांच्या मशीनवर गेलं त्या दिवशी ते कुलूपबंद झालं. गावाचं शहाणपण फुकट घ्यायचं आणि गावालाच दार लावून विकायचं, हा धंदा इथे नवा नाही. खनिजाच्या बाबतीत आपण तो पाहिलाय. डोंगर बार्जांतून मुरगावला गेले आणि आपल्याला विहिरीत तांबडं पाणी राहिलं. तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तू चहा दिलास.

हॉस्पिटलात मात्र तू सावध झालास. समितीच्या चिटणीसाने कंपनीकडून नवा प्रोग्राम मागून घेतला आणि 'एकदा नजर मार' म्हणून तुला पाठवला. तुझ्या एका हाताला सलाइन होती, म्हणून लॅपटॉप मी धरला. पायथनमध्ये लिहिलेला, छान, सुटसुटीत, तुझ्या सीच्या निम्म्यानेही नाही. मी तुला टोमणा मारला, "बघ, पोदेर कसा झरझर जातो." तू एका ओळीवर बोट ठेवलंस.

मी पुन्हा वाचली. नंबर रिकामा असेल तर शून्य धर. पुढच्या ओळीत त्यातून एक वजा, कारण मशीनची मोजणी एकापासून नाही, शून्यापासून. शून्यातून एक गेला की उणे एक. आणि पायथनमध्ये यादीतला उणे एक म्हणजे शेवटचा. ही सोय मला किती आवडते, तुला माहीत आहे. यादी केवढीही असो, शेवटचा माणूस एका हाकेत सापडतो. पण इथे त्याचा अर्थ असा होत होता की राखणदाराच्या मानशीचा मेसेज सहा नंबरवाल्याला जाणार. राखणदाराची वेगळी नोंद त्यांनी काढून टाकली होती. थांबणारी ओळही काढून टाकली होती. कारण पोस्टरवर तर छापून झालं होतं ना, कधीही न थांबणारी.

मी म्हटलं, "पायथनचा दोष नाही हा." मला वाटलं आता तू मला धरणार.

"ना," तू म्हणालास. "पायथन आडायली आसतली. रित्या सुवातेचो आंकडो कर म्हटल्यार ती आयकना. बोवाळ घालता. म्हजी सी पळय, रित्या सुवातेक ओगी शून्य म्हणून मेकळी जाता. हांगा तुजी पोदेर म्हज्या तारवट्याहून शाणी." मग जरा श्वास घेतलास. "ती बोवाळ घाली म्हणून कोणेंतरी तिचें तोंड बंद केलां. 'रितें जाल्यार शून्य धर' म्हणून बरयलां. माणसान बरयलां तें, भाशेन न्हय."

रिकाम्या जागेवर पायथन ओरडून अडते आणि सी मुकाट शून्य धरते, हे तू तुझ्या आयुष्यभराच्या सीबद्दल म्हणालास. आजारी माणूस, उशीला टेकलेला, आणि अजून वादात प्रामाणिक. मला तेव्हा बोलायला हवं होतं की तुझा तो पहारा मी चुकीचा समजले होते, पहारा माणसं गाळायला असतो तसा पाणी अडवायलाही असतो. मी नुसता तुझा चष्मा पुसून दिला.

मग तू कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावायला लावलास, स्पीकरवर.

"सर, पण क्रॅश होत नाही ना?" तो म्हणाला. मुलगा गोड बोलणारा, तुझ्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचा.

"तेच तर दुखणं आहे, बाबा," तू तुझ्या शाळेतल्या मराठीत म्हणालास. "थांबला असता तर कुणीतरी बघितलं असतं. हा चुकीच्या घरी जातो आणि सांगतो, काम झालं."

"नोटेड, सर."

"अमावस्येआधी बदलशील?"

"नोटेड, सर. टीमशी बोलतो."

नोटेड! हा शब्द मी आता कुणाच्या तोंडून ऐकला की माझ्या मुठी वळतात. अर्ज घेतला, शिक्का मारला, टोपलीत टाकला, याला इंग्रजीत नोटेड म्हणतात. 'होय' म्हटलं असतं तर त्याला धरता आलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर तू समितीला कळवलं असतंस. त्याने दोन्ही केलं नाही. त्याचा प्रोग्राम जसा, तसाच तो.

अमावस्येच्या आदल्या दिवशी तू गेलास. आम्ही रात्रभर तुझ्यापाशी होतो आणि बांधावर अमावस्येचं उधाण चढत होतं. राखणदाराच्या मानशीची पाळी शांतामावशीची होती, बांधाखाली तिचं वायंगण, उन्हाळी भाताचं शेत, लावणी नुकतीच झालेली. तिला मेसेज आला नाही. सहा नंबरच्या पुंडलिकाला दोन आले. तो मला म्हणाला, "म्हाका दिसलें चुकून दोन फावट आयलो. एक फावट वचून फळ्यो पळयल्यो, दोन फावट कित्याक वचूं?" त्याचं काय चुकलं? आणि शांतामावशी शेतात उभी राहून म्हणाली, "पयलीं आमी चंद्राक पळोवन वयताली. मागीर तुज्या मामान सांगलें, मोबायल सांगतलो. मोबायल ओगी रावलो म्हणून हांवूंय रावलें." सुटलेली फळी कुणी बघितली नाही आणि रात्री खारं पाणी आत आलं. सकाळी रोपं हिरवीच होती. उन्हं चढली तशी टोकं पिवळी पडत गेली.

तुला हे कळलं नाही, याचं मला बरं वाटतं. आणि तितकाच राग येतो, कारण तू असतास तर त्या सभागृहात कुणाची हिंमत नव्हती. तू उभा राहिला असतास, चष्मा कपाळावर चढवला असतास आणि विचारलं असतंस, "हांगा मशीन कितें करतली?"

ते म्हणतात, जुनी भाषा. लबाड माणसांना भाषेवर ढकलणं फार सोपं जातं, कारण भाषा उलट बोलत नाही. सी जुनी आहे, खरं. तिच्यात लिहिताना सांभाळलं नाही तर ती भलत्याच जागेवरचं भलतंच वाचून तोंडावर मारते, तेही खरं. तू ते पहिल्या दिवशी फळ्यावर सांगत होतास. म्हणून तर तू तिच्यात पहारा बसवला होतास. पायथन सोपी आहे, मोकळी आहे, आणि मी उद्याही तिच्यातच लिहिणार आहे. प्रत्येक भाषा कुठेतरी सोय देते आणि त्या सोयीची राखण आपल्यावर टाकते. ती राखण तू केलीस. ती त्यांनी काढली. आणि तू गेल्यावर तुझं नाव त्या भगदाडात बोळ्यासारखं कोंबलं.

आपला वाद राहिलाच, मामा. पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवावं? तू म्हणाला होतास, बरा झालो की सांगतो, नवं काहीतरी सुचलंय. काय सुचलं होतं? मला आता कळायचं नाही. तुझ्या क्लासची किल्ली मामीने माझ्याकडे दिली आहे. सोमवारी मी उघडणार आहे. फळ्यावर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. तुझ्याशी भांडून ठरवायची सवय झाली होती.

आणि वाचकांनो, आता तुमच्याशी. येत्या रविवारी सकाळी आमोण्याच्या त्याच सभागृहात बांध समितीची सभा आहे. नदीकाठच्या आणखी गावांच्या मानशी याच अ‍ॅपच्या हवाली करायच्या कागदावर तिथे सह्या व्हायच्या आहेत. तुमचं शेत खाजनात असो वा नसो, या. माझ्या मामावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, माझ्यावरही ठेवू नका. सही होण्याआधी एकाने पुढे जाऊन ते अ‍ॅप सर्वांसमोर उघडायला लावा. राखणदाराची मानस निवडा, नंबराची जागा रिकामी ठेवा, बटण दाबा. मग सभागृहात सगळ्यांनी गप्प बसा, आणि कुणाचा फोन वाजतो, राखणदाराच्या पाळीवाल्याचा की सहा नंबरवाल्याचा, ते सगुणबाबांना ऐकू द्या.